तांडेलाचं नाव शेवटी

रफीक, आधी भांडण. रडायचं मग बघू.

मांडव्याच्या जेट्टीवर तू उजव्या हाताचं बोट वर केलंस आणि म्हणालास, "नंद्या, एक सांगायचं हाय तुला." आणि मी काय केलं? म्हणालो, "प्रोग्राममधल्या चौकटीचं असेल तर आल्यावर. आधी माझं ऐक." मग यंदाच्या नाटकात ऐन प्रवेशात माझी दाढी कशी निघाली, ती हातात धरून उरलेला संवाद मी दाढीलाच कसा ऐकवला आणि अख्ख्या नागावने तो लेखकाचाच डाव समजून टाळ्या कशा दिल्या, हे सगळं तुला सांगितलं. हातवाऱ्यांसकट. तू हसलास. हसता हसता खोकलास. तुला हॉस्पिटलात नेणाऱ्या कॅटामरान बोटीचा भोंगा झाला, भाभीने तुझा दंड धरला, आणि फळीवरून आत जाताना मागे वळून तू म्हणालास, "आल्यावर सांगतो."

अकराव्या दिवशी तू आलास. पेणकडून, रस्त्याने, पांढऱ्या गाडीतून. मी तुझ्यावर तीन मुठी माती घातली आणि तिसऱ्या मुठीला माझ्या डोक्यात एवढंच होतं की हा काहीतरी सांगणार होता.

आज त्याला सतरा दिवस झाले. हात मातीचे होते ते धुतले गेले, पण तुझं ते वर केलेलं बोट काही खाली येत नाही. माझ्यासारख्या माणसाला दुसऱ्याचं वाक्य अर्धं राहिलेलं सोसत नाही, मी ते लगेच पूर्ण करून टाकतो, हे तुला माहीत आहे. हे मात्र पूर्ण करता येईना. म्हणून लिहायला बसलोय. लिहिताना तू मधे बोलणार नाहीस ही सोय आहेच. पण तू बोलतानाही मधे कधी बोलला नाहीस, म्हणून त्या सोयीची मजा येत नाही.

आपली पहिली भेट आठव. अलिबागला माझा कॉम्प्युटर क्लास होता, तीन मशीन आणि एक पंखा. तू दारात उभा राहिलास. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कुवेतला समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात बारा वर्षं कंट्रोल रूममध्ये बसून आलेला माणूस. विचारलंस, "इथं डब्ल्यूपीएफ जाणणारं कुणी हाय का?"

मी तो शब्द जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. म्हणालो, "बसा. त्यात तर आपली हयात गेली."

तू बसलास. मी डब्ल्यूपीएफवर दहा मिनिटं बोललो. त्याचा इतिहास सांगितला, त्याचे फायदे सांगितले, एक धोकाही सांगितला. तू शेवटपर्यंत ऐकलंस. मान डोलावलीस. आणि म्हणालास, "मस्त. आता ते खरं काय असतं, मी सांगू?"

त्या दिवसापासून माझ्या क्लासात मीच विद्यार्थी होतो, फक्त खुर्ची मास्तरची होती.

वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगतो, तू तेवढा वेळ कान बंद कर. डब्ल्यूपीएफ म्हणजे विंडोजच्या कॉम्प्युटरवर चौकटी, बटणं, याद्या उभ्या करायची एक जुनी, तगडी पद्धत. नवी मुलं नाक मुरडतात, सगळं मोबाइलवर करा म्हणतात. पण आमच्या बंदरावर मोबाइलची रेंज भरती-ओहोटीसारखी येते-जाते, तिथे टेबलावरच्या मशीनला पर्याय नाही. मला तू हे नाटकाच्या भाषेत समजावलंस, कारण दुसरी भाषा माझ्या डोक्यात शिरत नव्हती. पडदा म्हणजे रंगमंच. खरी माहिती असते विंगेत. रंगमंचावरच्या चौकटीला विंगेतल्या माहितीशी एक दोरी बांधायची, म्हणजे इथे लिहिलेलं तिथे पोचतं. त्या दोरीचं नाव बाइंडिंग.

"आणि दोरीची गाठ चुकली तर?" मी विचारलं.

"काय होत नाय. तीच तर पंचाईत. नाव चुकीचं लिवलं तर दुसरी प्रोग्रामिंग बोंब मारते. ही मारत नाय. चौकट रिकामी दाखवते आणि गप बसते. खानदानी हाय."

"मग कळायचं कसं?"

"खाली आउटपुटची खिडकी असते. तिथं बारीक अक्षरात पुटपुटलेली असते. पण ती खिडकी उघडतो कोण?"

उघडतो कोण. कसा सहज बोलून गेलास रे! गेल्या पावसाळ्यापासून तू सोसायटीच्या ऑफिसचा जिना मधेच थांबून चढायला लागलास, आणि मी वरून ओरडायचो, "या या, नवरदेव, मुहूर्त टळतोय!" चहाचा कप अर्धा सोडायला लागलास, तो मी पिऊन टाकायचो. बंदरावरच्या धक्क्यावर चालता चालता तू खुंटावर टेकायचास आणि म्हणायचास, "जरा बघूया समुद्र." चाळीस वर्षं बघितलेला समुद्र! मीही बघायचो. सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, रफीक. ती खिडकी मी उघडलीच नाही.

बरं. तांडेलांच्या गोष्टीकडे येतो. तुला ती माझ्या तोंडून आवडायची, दर वेळी मी थोडी वाढवून सांगायचो तरी.

मच्छीमार सोसायटीने आपल्याला काम दिलं, समुद्रात जाणाऱ्या बोटीवर कोण कोण गेलं याची नोंद ठेवायचं. वहीत नोंद व्हायची, पण वही भिजायची, अक्षर लागायचं नाही. आपण फॉर्म बनवला. वर बोटीचं नाव, खाली तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, आणि त्याखाली खलाशी. चंद्राताई सोसायटीच्या ऑफिसात बसायची, सगळ्या बोटींची नावं तिला तोंडपाठ. तिने पडद्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"तांडेल वर टाकलास? कुनी सांगितलं?"

मी म्हणालो, "ताई, तो मुख्य आहे ना."

"मुख्य हाय म्हनून तर शेवटी. तांडेल माझ्यासमोर उभा राहून आधी आपल्या मानसांची नावं सांगतो. स्वतःचं शेवटी. स्वतःचं नाव आधी घेनारा तांडेल मी बघितला न्हाय, आनि बघितला तर त्याच्या बोटीवर मानूस पाठवनार न्हाय."

मी वाद घालायला तोंड उघडलं. तू माझ्या पायावर पाय दिलास. फॉर्म बदलला. खलाशी वर, तांडेल सगळ्यात खाली, शेवटच्या चौकटीत. घरी बसून आपण तो पन्नास वेळा तपासला, सगळं बरोबर. नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुटल्या, आणि सोसायटीत माझी मान इतकी ताठ की मानेलाच इस्त्री मारलेली.

मग भाद्रपदातली ती दुपार. वारा एकाएकी फिरला, खाडीच्या तोंडाशी लाटा उभ्या राहिल्या, नऊ बोटी बाहेर. बायामाणसं ऑफिसात जमली. बाहेर कोण कोण आहे ती यादी द्या, असा वरून निरोप आला. चंद्राताईने बटण दाबलं, कागद बाहेर आले, आपण दोघे कोपऱ्यात उभे. मी तर टाळ्यांची वाट बघत होतो.

धर्मा तांडेलाची हिरा पुढे झाली. तिने कागद हातात घेतला, बोट फिरवत एकेक नाव वाचलं. सहा खलाशी. पुढे काही नाही. परत वरून वाचलं. तिच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी रंगमंचावर तीस वर्षांत कुणाला करताना बघितलं नाही. आधी जीव भांड्यात पडला. नवरा बोटीवर नाही! मग भुवया जवळ आल्या.

"बोटीवर न्हाय? मग पहाटे डबा घेऊन गेला कुठं मेला?"

कुणीतरी हसलंच. चंद्राताईने दुसरा कागद बघितला, तिसरा बघितला. नऊच्या नऊ.

"नंदूभाऊ," ती हळू म्हणाली, "तुमच्या मशीनीत आमच्या सगळ्या बोटी बिनतांडेलाच्या गेल्यात."

हसणं थांबलं. हिराने कागदाकडे बघितलं, मग बाहेर समुद्राकडे. तिला कळलं. मघाशी जो माणूस सुखरूप जमिनीवर होता तो तिच्या डोळ्यांदेखत परत समुद्रात गेला. ती मटकन खाली बसली. तेव्हा मला काही सुचलं नाही, रफीक. मी, ज्याला कुठेही काहीही सुचतं! तू पुढे झालास, तिच्यासमोर उकिडवा बसलास आणि म्हणालास, "चूक आमची हाय, वहिनी. तो बोटीवर हाय आणि त्याला बोट सांभाळता येते." बस्स, एवढंच. मग चंद्राताईजवळ बसून तोंडी विचारत तू नऊ नावं हाताने कागदावर लिहिलीस, प्रत्येक यादीच्या शेवटी एक.

संध्याकाळ व्हायच्या आत नऊ बोटी आत आल्या. धर्मा उतरला तो थेट हिराच्या तावडीत. "कुठं होतास?" "समुद्रात." "कागदावर तर नव्हतास!" तो बिचारा आपल्याकडे बघायला लागला. अजून त्याला बंदरावर कागदी तांडेल म्हणतात.

चूक कुठे होती हे तू दुसऱ्या दिवशी शोधलंस. चंद्राताईच्या मागे स्टूल टाकून नुसता बसलास. दोन तास. मग मला बाहेर बोलावलंस.

"आपण घरी तपासताना शेवटचं नाव लिवून काय करायचो?"

"टॅब दाबायचो."

"ती दाबत नाय. ती लिवते आणि माउसने थेट वरच्या पट्टीवरचं सेव्ह दाबते."

"मग?"

"चौकट सोडल्याबिगर लिवलेलं आत जात नाय. ती पट्टी म्हणजे शेजारचं बिऱ्हाड. तिथलं बटण दाबलं तरी चौकटीला वाटतं, हा मानूस अजून माझ्यातच हाय, अजून लिवणार हाय. म्हणून ती थांबून राहते. पडद्यावर नाव दिसतं. पोचलेलं नसतं."

पडद्यावर दिसतं, पोचलेलं नसतं. तेव्हा मी म्हणालो, "वा, काय वाक्य आहे, नाटकात घालतो." खरंच घातलं. त्याला टाळी मिळाली नाही.

आणि इथून आपलं भांडण सुरू झालं, जे अजून चालू आहे. निदान माझ्या बाजूने.

माझं म्हणणं, चौकट सोडायची वाट कशाला बघायची? एकेक अक्षर पडलं की आत पाठवून द्या. तसा पर्याय आहे, एक शब्द बदलला की झालं. तुझं म्हणणं, नाही. माणसाला लिहून संपवू दे. सेव्ह दाबलं की आधी हळूच त्या शेवटच्या चौकटीला विचार, तुझ्याकडे काही राहिलंय का? असेल तर घे, मग सेव्ह कर.

"हे म्हणजे दारात उभं राहून पाहुण्याला विचारणं, काही विसरलात का," मी म्हणालो.

"व्हय. तसंच विचारायचं असतं."

मी तुला न सांगता माझं करून टाकलं. एवढंच नाही, माझ्या अंगात आलं. नाव तीन अक्षरांहून कमी असेल तर चौकट लाल, मोबाइलचे दहा आकडे नसतील तर लाल, आणि प्रत्येक अक्षराला जुन्या सगळ्या खलाशांच्या यादीत शोध. आठवड्याने चंद्राताईचा फोन. तू स्पीकर लावलास.

"नंदूभाऊ, मी 'धर्मा'तला ध लिवला की तो लाल डोळे काढतो. मी अजून बोलतेच हाय, आनि ह्यो मना चूक ठरवतो! नंबर लिवायला घेतला की पयल्या आकड्यापासून लाल. दहावा आकडा येईस्तोवर माझं काळीज धडधडतं. आनि मधेच सगळी खिडकी पांढरी होते, सांगते प्रतिसाद देत न्हाय. प्रतिसाद मी काय देनार, मी लिवतेय!"

तू फोन ठेवलास आणि इतका हसलास की डोळे पुसायला रुमाल काढलास. "नंद्या, प्रोग्राम हुबेहूब तुझ्यासारखा झाला. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर, आणि स्वतःचा विचार चालू झाला की दुसऱ्याला खिडकी बंद."

पांढऱ्या खिडकीचं तू समजावलंस. रंगमंचावर वावरणारा माणूस एकच असतो. त्यालाच तू यादी शोधायला बसवलंस, मग प्रेक्षकांकडे बघणार कोण? शोधायचं काम विंगेतल्याला दे. पण विंगेतला थेट रंगमंचावर येता कामा नये, आला की नाटक आपटतं. त्याने रंगमंचावरच्याला निरोप द्यायचा, आणि तो रिकामा झाला की त्यानेच पडद्यावर मांडायचं. मी म्हणालो, "म्हणजे आपल्या दोघांत रंगमंचावरचा मी आणि विंगेतला तू." तू म्हणालास, "व्हय. आणि तू रिकामा होतोस कवा?"

तेव्हा मी हसलो होतो. आज ते वाक्य मला विंचवासारखं वाटतं, उशिरा चढणारं.

लाल डोळे तू काढून टाकलेस. मी परत घातले. तू परत काढलेस. काही वर्षं हा खेळ चालला, आणि शेवटी तुझंच राहिलं, कारण चंद्राताई तुझ्या बाजूची. पण मी हरलो असं कधी कबूल केलं नाही. तुझ्या पद्धतीत खोट होतीच. ती सेव्ह दाबेपर्यंत प्रोग्रामला काही कळतच नसे. एकाच माणसाचं नाव दोन बोटींवर लागलं तर ते तो तांडेल निघून गेल्यावर कळायचं. "बघ," मी म्हणायचो, "इतकीही सभ्यता नको." तू गप्प बसायचास. मला वाटायचं, हरला. तू विचार करत असायचास.

परवा तुझ्या घरी गेलो होतो. भाभी माजघरात बसली होती. तुझा चष्मा खिडकीत होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. मी काय बोलावं ते ठरवून गेलो होतो. चांगलं बोललो असतो. पण तिनेच विचारलं.

"नंदूभाऊ, त्यांनी तुम्हाला सांगितलं ना?"

"काय?"

"मला काय माहीत? बोटीत बसल्यावर म्हणाले, नंद्याला एक सांगायचं होतं. मी म्हटलं, सांगितलं नाय? तर हसले नुसते. मग हॉस्पिटलात एकदा म्हणाले, घरी गेल्यावर आधी नंद्या. पुढं बोलायची ताकद नव्हती. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

रफीक, तुला मी माझी सगळी पापं सांगितली आहेत, ही एक नवी. त्या क्षणी माझ्याजवळ तीन उत्तरं तयार होती. तिन्ही सुंदर. एकात तू भाभीला सांभाळ म्हणाला होतास. एकात बंदरावरच्या कामाची सूत्रं माझ्याकडे दिली होतीस. तिसरं तर असं होतं की ते ऐकून तूसुद्धा रडला असतास. माझं तोंड उघडलं होतं. तीस वर्षांची सवय आहे, चौकट रिकामी दिसली की मी काहीतरी भरतोच.

आणि मला धर्माच्या यादीतली ती रिकामी जागा दिसली. तू तिथे काही गोड लिहिलं नव्हतंस. चूक आमची आहे, एवढंच म्हणाला होतास.

मी म्हणालो, "भाभी, मला माहीत नाही. तो सांगणार होता. मी त्याला बोलू दिलं नाही. मी दाढीचा किस्सा सांगत होतो."

ती खिडकीतल्या चष्म्याकडे बघत राहिली. मला सवय नाही अशा शांततेची. दोनदा ओठांवर काही आलं, दोनदा गिळलं. भिंतीवरचं घड्याळ ऐकत बसलो. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं, रडते. ती हसत होती, डोळ्यांत पाणी घेऊन.

"दाढीचा? तो तर त्यांनी मला बोटीत सांगितला. पलीकडचा धक्का दिसेपर्यंत सांगत होते. मधे खोकला यायचा, थांबायचे, परत तिथूनच चालू. तुम्ही दाढीला काय म्हणालात, मग दाढी काय म्हणाली, सगळं. तुमचा एक किस्सा सोडला नाय त्यांनी कधी, नंदूभाऊ. रोज घरी येऊन मला सांगायचे, तुमच्या आवाजात. हात पण तसेच करायचे. मी म्हणायचे, तुम्ही सांगत का नाय त्याला तुमचं काही? तर म्हणायचे, त्याचं संपू दे."

मग ती थोडं थांबली आणि म्हणाली, "वाईट काही नसणार हो. वाईट असतं तर तुमच्या तोंडावर हात ठेवून सांगितलं असतं. ठेवलाय ना एकदा?"

ठेवला होतास. माझे वडील गेले तो निरोप तूच घेऊन आला होतास, आणि मी दारातच तुला कसलातरी विनोद सांगत होतो.

तू माझी नक्कल करायचास! बारा-तेरा वर्षं! आणि मला पत्ता नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, दोन पेनं खिशाला लावून माजघरात उभं राहून माझे हातवारे करणारा रफीक. तो प्रयोग मला बघायचा होता रे. पहिल्या रांगेत बसून. एक शब्द मधे न बोलता. शपथ घेतो म्हटलं तरी तू विश्वास ठेवणार नाहीस.

घरी आलो आणि आपला प्रोग्राम उघडला. चंद्राताईने नवं मशीन आलंय म्हणून दोनदा निरोप धाडला होता, ते निमित्त. खरं म्हणजे मला तू जिथे जिथे काही लिहिलं आहेस तिथे बसायचं होतं. तुझं लिखाण तुझ्यासारखं, मोजकं, प्रत्येक ओळ आपल्या जागी. माझ्या ओळी मधे मधे घुसलेल्या. आणि त्या शेवटच्या चौकटीपाशी येऊन मी बसून राहिलो. तुझ्या बाजूने, माझ्या बाजूने, सगळं भांडण परत भांडलो. मग जे मी एवढ्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. बाइंडिंगला काय काय सांगता येतं त्याची यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मधे न उठता.

त्यात एक शब्द आहे, डिले. अक्षर पडलं की लगेच आत पाठवू नको, थोडा थांब. माणूस पुढचं अक्षर लिहीत असेल तर आणखी थांब. त्याचे हात थांबले की तेवढा वेळ जाऊ दे, आणि मग घे. चौकट सोडायची गरज नाही, पण मधे तोंडही घालायचं नाही. माझंही राहतं, तुझंही राहतं. वर्षानुवर्षं तो शब्द तिथे होता, आणि आपण त्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांवर ओरडत होतो. म्हणजे मी ओरडत होतो.

हेच सांगणार होतास का?

मला वाटतं, हेच असेल. शपथेवर सांगू शकत नाही. कदाचित तुझ्या छातीचं असेल. कदाचित भाभीचं. कदाचित म्हणणार असशील की दाढी घट्ट चिकटव. मी ती जागा रिकामी ठेवली आहे, रफीक. काही भरलेलं नाही. माझ्या आयुष्यातली ती एकच असेल.

किती थांबायचं ते आपण ठरवायचं असतं. मी अर्धा सेकंद टाकला. फार वाटत नाही ना? मग हिशोब केला की तुझं वाक्य संपलंय असं वाटल्यावर मी कधी अर्धा सेकंद तरी थांबलो होतो का. एकदाही आठवेना. तुझी पद्धतही ठेवली आहे, सेव्ह दाबताना शेवटच्या चौकटीला विचारायची, काही राहिलं का. दोन्ही असू देत. आणि चौकट लाल होत नाही. नाव आत पोचलं की शेजारी एक छोटा हिरवा ठिपका येतो, एवढंच.

आज सकाळी बंदरावर जाऊन ते बसवलं. चंद्राताईने तुझं स्टूल कुणाला बसायला दिलेलं नाही. मलाही दिलं नाही, मी उभाच होतो. पहिला आला धर्मा. टोपी काढून तिच्यासमोर उभा राहिला आणि आपल्या माणसांची नावं सांगायला लागला. एक नाव, ठिपका. दुसरं नाव, ठिपका. सहा झाली. मग तो थोडा घुटमळला, मान खाली घातली, जसे सगळे घालतात, आणि आपलं नाव सांगितलं.

चंद्राताईने ते लिहिलं आणि कळफलकावरून हात उचलले. पडद्यावर काहीच झालं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. धर्माने बघितलं. माझ्या जिभेवर एक फर्मास वाक्य आलं होतं.

मी काही बोललो नाही.

आणि मग ते नाव पोचलं.